नवरीच्या खांद्यावरचा हात

(नटीच्या घरची बैठक. समोर गौरवसमितीचे सचिव. शेजारी, चाळीस वर्षं नटीला रंगवत आलेली मेकअपवाली.)

सचिव : ...आणि गौरव-अंकाच्या मुखपृष्ठावर हा फोटो. नवरीच्या वेशात काय देखण्या दिसता, बाई!

नटी : चष्मा दे गं. ही मी?

सचिव : तुम्हीच की! तुमचं पहिलं गाजलेलं नाटक.

मेकअपवाली : आणि नवरीच्या खांद्यावर हा नुसता हात कुणाचा?

सचिव : शेजारी एक खोकड म्हातारा होता हो. शोभा जात होती, म्हणून कापला. हात तेवढा राहून गेला.

मेकअपवाली : त्या खोकडाला रोज दीड तास रंगवायचे मी.

सचिव : म्हणजे?

नटी : नवरी नाटक कंपनीच्या मालकांची भाची. वाक्यं विसरायची. मी खांद्यावर हात ठेवून कानात सांगायचे.

सचिव : मग तुम्ही...

नटी : मला तुम्ही कापलंत.

सचिव : अरे देवा! पुरुषाचं काम? तुम्ही?

नटी : पुरुष साड्या नेसून नाचले, तेव्हा वाहवा. मी बाप झाले, तर पहिल्याच प्रयोगाला शिट्ट्या. पुढे तेच लोक त्या बापासाठी रडले. आत काय लिहिलंय?

सचिव : ‘अष्टपैलू’! चांगलं आठ वेळा.

नटी : पैलू कोणते?

सचिव : प्रेमळ आई, सोशिक आई... सिनेमातली आंधळी आई.

मेकअपवाली : अगंबाई! सगळं माहेरच भरलं की.

नटी : हे बघा, आया मी पोटासाठी केल्या. जीव ओतला तो त्या म्हाताऱ्यात. तो अंकात नसेल, तर मला तुमचा पुरस्कार नको.

सचिव : पाचशे प्रती छापून झाल्या, बाई! उद्या समारंभ. आणि खरं सांगू? लोकांना नवरीच आवडेल.

नटी : बरं. येते मी.

सचिव : सुटलो! उपकार झाले.

नटी : म्हाताऱ्याचा कोट घालून येते. दारावर सांगून ठेवा, नाहीतर शोभा जाते म्हणून तिथेही कापतील.

सचिव : बाई, थट्टा करताय ना?

नटी : समितीला विचारून या. एकमताने.

(सचिव जातात.)

मेकअपवाली : कोट पेटीत आहे, ताई. आणि आता दीड तास नको, पाच मिनिटं पुरतील.

नटी : मेले, तूसुद्धा! काठी?

मेकअपवाली : नाटकातली कधीच मोडली.

नटी : असू दे. ही रोजचीच घेईन.