चौडू जमीन

नागनाथ : बा, पाणी देणं बंद करा. पऱ्हाटी पाण्यावाचून नाही जळून राह्यली.

धोंडीबा : मंग काऊन जळून राह्यली? पानाच्या कडा पाह्य, इस्तवानं भाजल्यावानी झाल्या. तहान लागली तिले.

नागनाथ : तहान हाय, पण मुळाले पाणी वढता येत नाही. जमिनीत खार हाय. अन् आपल्या हिरीचं पाणीबी सवळ. जितकं पाजान तितका खार वाढन.

भागीरथा : उन्ह तापलं का साऱ्या वावरात पांढरी फुटते, मीठ शिंपल्यावानी.

नागनाथ : तेच, माय. माती तपासून आणली म्या. खारी चोपन निंगाली.

धोंडीबा : तपासाची काय? म्या सोता निवडली! महसुलातल्या तेलगू गिरदावर साहेबानं सरकारी पट्ट्यासाठी दोन तुकडे दाखवले. एक टेकडावरचा, मुरमाड. दुसरा हा. बोट दाखवून म्हणे, "इदी चौडू भूमी." म्या म्हनलं, साहेब, चौडीच द्या! जलमभर लोकाइच्या वावरात राबलो, आपलं तरी ऐसपैस पाह्यजे का नाही? साहेब हासले अन् लिहून देलं.

नागनाथ : काय म्हणले साहेब?

धोंडीबा : चौडू. मले तेलगू येत नाही म्हनता तुमी! थांब, कडेच्या रोपाईले घागरभर घालून येतो.

(धोंडीबा विहिरीकडे निघाला.)

नागनाथ : माय, चौडू म्हंजे रुंद नाही. तेलगूत खाऱ्या चोपन जमिनीलेच चौडू म्हणते.

भागीरथा : ठाव हाय मले. परटीण धुण्यासाठी इथली माती नेते ना, ते 'चौडू मट्टी'च म्हणते. कपडे लय साफ निंगतात म्हणे.

नागनाथ : अन् बाले सांगितलं नाही?

भागीरथा : कोन्त्या तोंडानं सांगू? पट्टा भेटला तवा साऱ्या गावाले गूळ वाटला त्याईनं. तू शिकला, तूच उपाय सांग.

नागनाथ : जिप्सम टाकता येते. पण मंग गोड्या पाण्यानं खार धुवून बाहेर काढा लागते. आपलं वावर खोलगट, पाणी जाईन कुठं? अन् गोडं पाणी आणू कुठून? माह्या हातात काईच नाही, माय.

भागीरथा : मंग गप राह्य.

धोंडीबा : काय कुजबुज चालली मायलेकाची? मास्तर, तू तर शाळेत तेलगू शिकला. सांग तुह्या मायले, चौडू म्हंजे रुंदच ना?

नागनाथ : बा, ते...

भागीरथा : रुंदच. या, हात धुवा. भाकर सोडते.