भिंतीतला देव आनि लेकीचं तूप

न्हाय, पन मला एक सांगा, पोटच्या लेकीच्या बाळंतपनाचं तूप कुठला बाप खाईल का? खाईल का? तुमीच सांगा की! सारी हयात घोंगड्या इनन्यात गेली, मेंढराच्या लोकरीबिगर दुसऱ्या कशाला हात लावला न्हाय, आनि आता ह्या वयात मला तूपचोर म्हनत्यात! कोन म्हनतंय? गल्ली म्हनली असती तर दिलं असतं सोडून. पन माझी बायकू म्हनतीया, बजाबाई! आनि तिला सांगितलं कुनी? भिंतीनं! एवढा संसार केला, पन बाईनं साक्ष खरी धरली ती भिंतीची. आनि तुमाला सांगतो, त्या तुपाला मी बोट लावलं न्हवतं!

झालं काय, आमी मूळचं वळसंगचं. सोलापुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, पुढच्या खोलीत माझा माग. गेल्या साली घरमालकाला हौस आली, घरात ईज घेतली. "धुळाबा, रॉकेलचा धूर गेला, चैन करा आता!" बरं, एक दिवा लावला ते ठीक. पन खाली, त्याच खोलीत देव्हाऱ्याच्या शेजारी, भिंतीत एक पितळंची तबकडी बसवली, तिला तीन भोकं. म्हनलं, मालक, ह्ये काय? "प्लग." कशाला? "पुढंमागं पंखा घेतलासा तर लागंल." पंखा? आवो मी घोंगड्या इकतो, पंखा म्हंजे माझा वैरीच की! पन ऐकतंय कोन? चन्नवीर वायरवाला तेवढा बिचारा जाताना बोलला, "अज्जा, ह्याला पानी तेवढं लागू द्यू नका हं." मी हे बजाबाईला सांगितलं का न्हाय? सांगितलं! हजारदा सांगितलं! तिनं "व्हय व्हय" म्हनून मान बी हलवली.

आनि त्या तबकडीत बाईला काय दिसलं असंल? तबकडी बसलीवती उलटी, तवा वरची दोन भोकं म्हंजे डोळं, खालचं एक म्हंजे तोंड! "आवं, बघतोय की माझ्याकडं!" आता हाय का काय!

मग आली खंडेनवमी. हत्यारं पुजायची आमची रीतच हाय. माग पुजला, कातरी पुजली, विळी पुजली… मी भाईर लोकर वाळत घालतोय तवर बाईनं भिंतीतल्या देवाला आंगूळ घातली! व्हय, आंगूळ! पळीपळीनं पानी, डोळ्यांत हळदीकुकू, तोंडात खोबऱ्याचा तुकडा, वर अक्षता. आनि आतनं 'चट्ट!' करून निळा जाळ आला. मी म्हनलं, मेलो! मागं सर! आनि ही हात जोडून, "जागरुत हाय गं बाई, जागरुत हाय!" शेजारची काशम्मा पदर सावरत धावत आली, "अय्ययो, ज्वाला आली की वो!" आनि तिनं बी एक पळी वतली. वतली की! त्या दिवसापासनं शुक्रवार न्हाय, मंगळवार न्हाय, रोज पूजा, रोज चट्ट, रोज नमस्कार. मी वरडलो तर म्हनायची, "तुमचा इश्वास न्हाय म्हून तुमाला भ्या वाटतं."

अशात ते तूप गेलं. आमची मुक्ता पहिलटकरीन, म्हायेरला यायची होती. तिच्यासाटनं बजाबाईनं घोटघोट ताक करून, लोणी साठवून, गाडगंभर तूप कढवलं, वर फडकं बांधून ठिवलं. आनि एक दिवस बघती तर गाडगं कोरडं! आता घरात मानसं किती? ती, मी आनि तिचा धाकटा भाऊ भीमा. हा भीमा गिरनीत काम बघायला म्हून आला, अजून बघतोच हाय. दिसभर माझ्याच नव्या घोंगडीवर त्या तबकडीच्याच भिंतीला टेकून लोळायचं आनि, "दाजी, आज वारं लई सुटलंय न्हाय?" गालफाडं अशी चकचकीत! आवो, मिशीला सुद्धा तूप होतं त्याच्या! पन बहिनीच्या डोळ्याला भावाची मिशी कुटं दिसती?

"शपत घ्या," म्हनली. बरं, म्हनलं, आन बेलभंडारा, उचलतो. तर म्हनती, "देव्हाऱ्यातलं देव गप ऱ्हात्यात. ह्यो देव लगीच बोलतो. ह्याच्यावर हात ठिवा!"

आता मी काय केलं ऐका. खरा मानूस, रीतीचा मानूस! शपत घ्यायची म्हंजे हातपाय धुवून घ्याला नगंत का? चूळ भरली, हातपाय धुतलं, तसाच निथळत आलो, ताज्या सारवलेल्या ओल्या भुईवर अनवानी उभा ऱ्हायलो, मुठीत भंडारा घेतला, "बिरोबाची आन, त्या तुपाला मी बोट लावलं…" म्हनून हात टेकतोय न टेकतोय तवर, आई गंऽऽऽ! खांद्यापतूर झनझन! डोळ्याम्होरं काजवं! मागावर जाऊन आपटलो, वरनं लोकरीचा ढीग आंगावर!

आनि भीमा? उठला बी न्हाय! घोंगडीवर बसल्या जागंवरनं ऐदी मानसानं कोरडा ठनठनीत हात लांब केला, तबकडीवर टेकला, जांभई दिली आनि म्हनला, "अक्का, मी न्हाय." काय झालं? काय सुदिक न्हाय! वर माझ्याकडं बघून हासतोय! माझी घोंगडी, मी कातलेली लोकर, मी इनलेली, आनि त्या कोरड्या लोकरीनं ईजेपासनं वाचवलं कुनाला, तर त्या तूपचोराला!

बजाबाई तोंडाला पदर लावून बसली. "लेकीच्या तोंडचा घास खाल्लासा वो…" काशम्मा दारातनं, "देव खोटं बोलत न्हाय, धुळाबा." अरं पन मी म्हनतो, पायाखाली बघा की! ओलं बघा, कोरडं बघा! कोन बघतंय? मला कोरडी भाकरी वाढायला लागली, आनि त्यो भीमा शेजारी बसून, "अक्का, कालवन झ्याक झालंय."

पुढं मुक्ता आली. जावईबापू सोडायला आलं. दारात भाकरतुकडा ओवाळला, पायावर तांब्याभर पानी वतलं, आनि बजाबाई म्हनती कशी, "चल बाई, तशीच ये, आदी ह्या देवावर डोस्कं टेक." वल्या पायानं! पोटुशी लेक! माझ्या जिवाचं पानी झालं. भीमाच्या बुडाखालची घोंगडी उपसली, त्यो गडगडत गेला उंबऱ्यापतूर, तबकडीवर टाकली आनि पाठ लावून तितंच बसलो. म्हनलं, मला मारा, पन पोरीला हात लावू देनार न्हाय!

"बघा बघा, पापी मानूस! देवाच्या आड येतोय!" गल्ली गोळा झाली. आनि माझी मुक्ता, ज्या पोरीला खांद्यावर घेऊन मी वळसंगची जत्रा दावली, ती डोळ्यांत पानी आनून म्हनती, "आबा, उठा की. तुमी तूप खाल्लंसा त्याचा मला राग न्हाय." तवा मातर मला रडू आलं. बायकूचं सोसलं हो, पन पोरीनं बी?

जावयाला म्हनलं, बापू, पाया पडतो, चन्नवीर वायरवाल्याला आना. जावयाला वाटलं सासरा भरमिटला, त्यामुळं पळत गेलं. चन्नवीर आला, घरातली सगळी ईज बंद केली, तबकडी उचकटली… आतनं काय निघावं? हळदीकुकवाचा चिखल, अक्षता, खोबरं, आनि जळून काळी झालेली वायर! कपाळावर हात मारला त्यानं. "अज्जा, ह्यो प्लग हाय का देवीची परडी? हितं ही पोर डोस्कं टेकली असती तर दोन जीव जागच्या जागी गेलं असतं की!"

बजाबाईचं तोंड पांढरं फटक. मुक्ता मटकन खाली बसली. मी म्हनलं, धुळाबा, आली रं आली तुजी येळ! आता कळंल ह्यांना! चन्नवीरानं नवा प्लग बसवला, वर लाकडी झाकन ठोकलं, ईज चालू केली. बजाबाई म्हनली, "थांबा, आता तुमी हात लावा." लावला. काय न्हाय. पुन्यांदा लावला. काय न्हाय! मी छाती फुगवून बजाबाईकडं बघितलं.

तिच्या डोळ्यांतनं धारा. मुक्तेला जवळ घेतलं आनि म्हनली, "बघ गं मुक्ते, लेकीचा जीव वाचवला म्हून देवानं तुज्या बाला माफ केलं!"

माफ! अगं, माफ न्हाय, गुन्हाच न्हवता! पन ऐकतंय कोन? गल्लीनं हात जोडलं. आनि उंबऱ्यातनं भीमा म्हनतो, "दाजी, देवानं सोडलं, आता तुमी बी इसरा की." इसरा!

आता पानी कुनी घालत न्हाय. देव झोपलाय म्हनत्यात, तेवढं एक बरं झालं. बजाबाईनं पुन्यांदा तूप कढवलं, आनि माझ्या भाकरीवर रोज चमचाभर घालती, वर मायेनं सांगती, "चोरून नगं बरं का, मागून खावा." भीमाला दोन चमचं, त्यो परामानिक ठरलाय न्हवं! मी गप खातो. काय करनार? त्या तुपाला मी बोट लावलं न्हवतं हो… आनि आता रोज पाची बोटं बुडवून खातोय, पन शपत सांगतो, गोड लागत न्हाय.