मैनेची नजर

हसू नका हो, हसू नका! म्हणजे... हसा खुशाल, मीही हसतोच आहे, पण तुम्हाला सांगतो, हे माझं हसू आनंदाचं नव्हे, ती बघतेय ना! ती... तिकडं चिंचेखाली, सर्कशीची हत्तीण, मैना!

सर्कस खर्ड्याला आली, मला तिथंच संशय आला! लढाईचे दिवस, माणसांना गूळ मिळेना, आणि हिचं पोट तुंबून गच्च, सोंड जमिनीला टेकलेली, आणली आमच्या गुरांच्या दवाखान्यात! डॉक्टरसाहेब म्हणाले, "विष्णुपंत, हा जुलाब आज पोटात गेला नाही तर हत्तीण हातची जाते!" आणि स्वतः निघाले जामखेडला! मला तिथंच संशय आला! मी बैलांचा कंपाउंडर, शेळ्यांचा कंपाउंडर, हत्तीचा कधीपासून झालो? पण तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं हो... जीव तुटला माझा.

तर हिचा माहूत, पुंजाराम. पिठाचे मुटके मळायला बसला आणि गुळाचा खडा, चिमूटभर पीठ बाजूला! मला तिथंच संशय आला! "काय रे, हे कुणाला?" तर म्हणतो, "माजा घास हाय त्यो, पंत." सरळ तोंडावर! म्हटलं, ऊठ, मी मळतो! पीठ, गूळ, एरंडेल, जुलाबाचं मीठ, सगळं एकत्र कालवलं, तिच्या डोळ्यांदेखत. मुटका पुढं केला... तोंड फिरवलं! पुन्हा केला... सोंडेनं माझ्याच तोंडाकडं ढकलला!

पुंजाराम म्हणतो कसा, "आवो, मागं तिला कुनीतरी सडकी पेंड चारली हुती, तवापास्नं ज्यो मळंल त्येनं आदी खायाचं. म्हनून तर मी बिनऔषदाचा घास येगळा काढत हुतो!"

"मग आधी का नाही बोललास?"

"तुमी बोलू कुटं दिलं?"

खाल्ला हो! अर्धा मुटका! हत्तीच्या मापाचा! तिला काय मरू द्यायची? खाल्ला, आणि वर "वा!" म्हटलं. तरी ही ढिम्म! "आता बगत ऱ्हाईल ती," पुंजाराम म्हणतो, "तुमी धडधाकट दिसला, की खाईल." म्हणून हा मी असा ताठ उभा, तुमच्याशी गप्पा मारतोय, हसतोय, आणि पोटात... सांगत नाही!

अरे! उचलला! सोंडेत घेतला मुटका! तोंडापाशी नेला... थांबली. का थांबली? इकडंच बघतेय... तिला संशय आला!

बाबांनो, जरा वाट द्या. तांब्या कुठाय? नाही, पळत नाही हो, पळालो की ती मुटका टाकून देईल... हा असा, हळूहळू, हसत हसत जातो.