सरूबाईनं केलेली चौकशी

तुमाले वाटते, नावं गोळा करणं सोपं आहे? किरनापुरजवळच्या एका गावात मी शेतांची, तळ्या-बोड्यांची, नाल्यांची जुनी नावं लिहून घ्यायले गेलतो. ज्याले विचारावं तो म्हणे, "मालूम नाही." समोरच्या नाल्याचं नाव विचारलं, तर म्हणे, "नाला."

शेवटी एका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसलेली एक म्हातारी भेटली, सरूबाई. तिनं मलेच विचारलं, "नावं काहून पाहिजे तुले? मागं एक साहेब असाच गोड बोलून नावं लिहून गेलता. मग आमच्या वावरात खुंट्या गाडल्या त्यायनं. पार त्या टेकडीपर्यंत खदान होणार म्हणे."

म्हटलं, "मावशी, मी कंपनीचा माणूस नाही."

"थो बी असाच म्हणे. घरी फोन लाव."

लावला. तिनं फोन हातातून घेतला अन् माह्या बायकोले विचारलं, "बाई, तुहा नवरा काय काम करते?"

बायको म्हणाली, "काहीच नाही जी. रिटायर झाल्यापासून गावोगावी नावं विचारत फिरते."

सरूबाई पहिल्यांदा हसली. मले बसवून तिनं बोडीपासून एकेका बांधीचं, धानाच्या एकेका तुकड्याचं, नाव सांगितलं. मी खुश होऊन मागच्या टेकडीकडे बोट केलं. "अन् तिचं?"

तिचं हसू गेलं.

"तू भला माणूस आहेस, बाबू. पण तुहा कागद उद्या कोणाच्या हाती जाईल, हे तुले तरी मालूम आहे काय?"

मी पेनाले टोपण लावलं.