वर्तमानपत्राची कव्हरे घातलेली चार पुस्तके

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. विजयसिंह निंबाळकर सर, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या ग्रंथपाल श्रीमती प्रियदर्शनी साळवे मॅडम, त्यांचे कुटुंबीय, माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, सर्वांना सप्रेम नमस्कार.

ग्रंथपालांच्या निरोपाला त्यांनी किती हजार पुस्तके सांभाळली ते सांगायची रीत आहे. तो आकडा प्राचार्य सर सांगतील. मी एकाच पुस्तकाबद्दल बोलणार आहे, आणि ते पुस्तक निवडताना मी केलेल्या चुकीबद्दल. निरोपाच्या दिवशी स्वतःबद्दल बोलावे का, याचा मी दोन दिवस विचार केला. पण ती चूक सांगितल्याशिवाय मॅडमनी काय केले ते सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी आपल्याकडे बायोमेडिकल इंजिनिअरिंगची शाखा सुरू झाली. मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा. पहिल्या वर्षाचा ओळखीचा पेपर माझ्याकडे आला आणि पाठ्यपुस्तक सुचवायचे कामही. मी काय केले? विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि एका जाडजूड, नावाजलेल्या ग्रंथाची अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवली आणि खुणा करत गेलो. पाचही युनिट एकाच पुस्तकात! मला फार आनंद झाला. बुक बँकेसाठी चाळीस प्रती मागवल्या. आपल्यापैकी बरेच जण पुस्तक असेच निवडतात, पण म्हणून माझे चुकले नाही असे होत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मॅडमनी मला ग्रंथालयात बोलावले. टेबलावर त्याच ग्रंथाच्या सहा-सात प्रती आडव्या ठेवल्या होत्या. म्हणाल्या, "सर, कडा बघा."

बोटे लागून पानांच्या कडा मळतात, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. या पुस्तकांच्या कडा पहिल्या तीस-पस्तीस पानांपर्यंत मळलेल्या होत्या. पुढे पांढऱ्याशुभ्र. एकाही प्रतीत मळ त्याच्या पुढे गेला नव्हता.

मी म्हणालो, "मुले वाचत नाहीत हो, मॅडम."

त्यांनी विचारले, "तुम्ही किती वाचलंय?"

"सगळं," मी म्हणालो.

माझ्या नावावर दिलेली प्रत मी त्याच दिवशी सोबत नेली होती. ती त्यांनी हातात घेतली आणि मधले एक पान उलटू लागल्या. पान सुटेना. छपाईनंतर एकमेकांना चिकटलेली पाने तशीच होती. त्यांनी ती नखाने हलकेच सोडवली आणि पुस्तक मला परत दिले. आजपर्यंत हा प्रसंग त्यांनी कुणाला सांगितलेला नाही. म्हणून मी सांगतो आहे.

मग त्या मूळ विषयावर आल्या. कळस गावची निकिता नावाची विद्यार्थिनी सकाळी प्रवेश रद्द करायचा फॉर्म घेऊन ग्रंथालयाचा ना-हरकत शिक्का मागायला आली होती. मॅडमनी शिक्का दिला नव्हता. "उद्या एक तास दे मला, मग देते," असे तिला सांगितले होते. मला म्हणाल्या, "मी कला शाखेची. तुमच्या विषयातलं मला कळत नाही. पण पोरगी बारावीला चांगल्या मार्कांनी आलेली आहे. दोष तिचा आहे की पुस्तकाचा, एवढं तरी बघूया."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी टेबलावर चार पुस्तके मांडली. चारही पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरे घातलेली. लेखक कोण, प्रकाशन कुठले, काही दिसू नये म्हणून. निकितासह सात विद्यार्थी बसले. विषय एकच दिला: हृदयातली वीज ईसीजीच्या कागदावर कशी येते. मॅडम म्हणाल्या, "जिथं अडेल तिथं पेन्सिलीनं टिंब करा. लाजू नका." आणि माझ्याकडे वळून, "सर, तुम्ही पण."

निकिताचे वडील जोतीराम दारात उभे होते. "म्याडम, कशाला तरास घेताय? पोरीला झेपंना झालंय. इंदापुरात बीएस्सीला घालतो. घरनं येऊन-जाऊन करंल."

"तासभर बसा की, जोतीरामभाऊ. चहा सांगते."

मी निवडलेल्या ग्रंथात पहिल्याच पानावर समीकरण होते. त्यात मुलांची टिंबे गोवर आल्यासारखी दिसत होती. खरे सांगतो, त्यांत माझीही होती. हृदयाचे कप्पे आणि झडपा आल्या तिथे मी अडलो. निकिता तेव्हा जे म्हणाली ते माझ्या रोजनिशीत आहे: "सर, शरीर वेगळं शिकवलं तर कळतंय, सर्किट वेगळं शिकवलं तरी कळतंय. हितं दोन्ही आपल्याला आधीच येतंय असं धरून चाललंय."

तिसरे पुस्तक पातळ होते. त्यातला धडा रुग्णाच्या खाटेपासून सुरू होत होता. कातडी कोरडी असली की विजेला अडथळा येतो, म्हणून आधी जेल लावतात, मग तार. तिथून पुढे हळूहळू सर्किट. निकिता एकदम मोठ्याने बोलली, "आगं बया, त्ये ह्याच्यासाठी व्हय! आज्जीला दवाखान्यात लावलेलं, मी चिकट हाय म्हणून पुसून टाकलं. नर्स किती वरडली मला!"

सगळे हसले. ग्रंथालयात हसल्याबद्दल मॅडम रागावल्या नाहीत, असे मी एकदाच पाहिले.

तास झाला. जोतीरामभाऊ आत आले. "झालं का? सही करायची न्हवं?"

"थांबा की आप्पा, एवढं पान हुंदे," निकिता वर न बघता म्हणाली.

ते जरा उभे राहिले आणि म्हणाले, "मग गाडी सावलीत लावून येतो."

तो फॉर्म नंतर भरला गेला नाही. निकिता आज शेवटच्या वर्षाला आहे आणि याच सभागृहात बसली आहे. आम्ही पातळ पुस्तक पहिल्या वर्षाला लावले. ते परिपूर्ण नाही, वैद्यकीय प्रतिमांचा भाग त्यात फारच थोडा आहे, तो मी टिपणांतून शिकवतो. जाड ग्रंथ वाईट नव्हता, तो चुकीच्या वर्षाला लागला होता. आता तो तिसऱ्या वर्षाची मुले वापरतात. आणि मी तो शेवटपर्यंत वाचला आहे.

मॅडम, त्या एका तासाबद्दल विभागाच्या वतीने आणि माझ्या वतीने मनापासून आभार. अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकले, त्याबद्दल आपलेही आभार.

बोलताना काही राहिले असल्यास क्षमा मागून खाली बसायची पद्धत आहे. माझे जे राहिले आहे, ते विभागाच्या बैठकीच्या तीन वर्षांपूर्वीच्या इतिवृत्तात राहिले आहे. पुस्तक बदलल्याच्या त्या नोंदीत "विभागाने चर्चेअंती निर्णय घेतला" असे वाक्य आहे. ते मी लिहिले. चर्चा झालीच नव्हती. मॅडमचे नाव लिहिले तर माझे पुस्तक का चुकले हे विचारले जाईल, म्हणून मी ते लिहिले नाही. त्या इतिवृत्ताची प्रत ग्रंथालयात जाते. मॅडमनी ती वाचली असणार, आणि फाइलला लावून टाकली.

आज सकाळी प्राचार्य सरांच्या परवानगीने मी त्याखाली दुरुस्ती लिहून सही केली आहे: हे पुस्तक ग्रंथपाल प्रियदर्शनी साळवे यांच्यामुळे निवडले गेले. मॅडम, उशीर झाला. माफ करा.