सुनेच्या मागून

दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासू खोकत होती.

"आई, ब्लीचमध्ये संडासाचं ॲसिड कशाला ओतलंत?"

"स्वयंपाकघरातल्या कपाटांचा तेलकटपणा नुसत्या ब्लीचने जाईना."

"दोन्ही एकत्र केलं की विषारी वायू होतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. आणि कालच तर पुसली होती मी!"

"तू पुसलीस म्हणूनच! बारा वर्षं तुझ्या मागून पुसतेय."

"ठाऊक आहे. म्हणून माझं नाक तिकडेच होतं, उग्र वास येताच धावले."

"खिडक्या उघडल्यास, मला ओढत बाहेर नेलंस. जीव वाचवलास गं पोरी."

"असू द्या, आई."

"यापुढे तुझ्या मागून पुसणार नाही."

"खरंच?"

"बोट फिरवून बघेन फक्त."