खंडेनवमीला देव्हाऱ्यात नेलेल्या मीटरबाबत

जबाब, दि. ४ ऑक्टोबर २०२५

नाव शालनबाई कोंडाजी नेवाळे, वय अंदाजे ७४ (दाखला नाही), शिक्षण दुसरी, धंदा घरकाम व कारखान्यावर देखरेख, राहणार चिखली, जि. पुणे.

मी आज दुपारी साडेबाराला आपण होऊन ठाण्यात आले. कुणी बोलावलं नव्हतं. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असं की,

मी, नातू अजिंक्य व नातसून तनुजा एकत्र राहतो. घरामागे पत्र्याच्या शेडात आमचा कारखाना आहे. गाड्यांचे लहान भाग प्रेसवर काढून चाकणच्या एका मोठ्या कंपनीला देतो. माझे मालक कोंडाजी यांनी तो सत्तावीस वर्षांपूर्वी घातला. ते हयात नाहीत. नवनाथ ज्योतीराम हा मूळचा बीडकडचा. अकरा वर्षं आमच्या मशिनी व वायरिंग बघतो.

चालू वर्षी मार्चमध्ये कंपनीनं कळवलं की यापुढं मालामागं किती कार्बन, म्हणजे किती धूर पडला, ते मोजून द्यायचं. न दिल्यास काम दुसरीकडं जाईल. मी म्हणाले, "आपल्याकडं धुराडंच न्हाई, मोजताय काय?" तनुजा म्हणाली, "आजी, आपण इथं बटण दाबतो, कोळसा तिकडं जळतो. तो धूर आपल्या नावावर." हे तिनं तीनदा सांगितलं. पटलं, तेव्हा मी दिवसभर बटणाला हात लावला नाही.

एप्रिलमध्ये तिनं मेन पॅनलवर जेवणाच्या डब्याएवढा मीटर बसवला. कोणती मशीन किती वीज खाते ते तो मिनिटामिनिटाला स्वतःच्या आत लिहून ठेवतो. शेडातल्या कॉम्प्युटरवर त्याची रेघ दिसते.

जूनमध्ये एका रविवारी कारखान्याला कुलूप असताना तनुजानं मला ती रेघ दाखवली. रेघ वर होती. मी म्हणाले, "समदे घरी, आन् हितं जेवतंय कोण?" हवेचा कॉम्प्रेसर चालू होता. पाइपात दाब राहावा म्हणून आम्ही तो कधी बंद करत नव्हतो. मी साबणाचा फेस करून सांध्यासांध्याला लावला. एकोणीस ठिकाणी बुडबुडे आले. ती फुसफुस मी सत्तावीस वर्षं ऐकत होते. मालक म्हणायचे, कारखाना श्वास घेतोय. हवा गळत होती. नवनाथनं सांधे बदलले. पुढच्या रविवारी कॉम्प्रेसर बंद ठेवला आणि रेघ जमिनीला टेकून राहिली. मी पाऊण तास ती बघत बसले. त्या शेडात शांतता मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

ऑगस्टमध्ये मीटरनं दाखवलं की नवनाथच्या शिफ्टला प्रेस रिकामा फिरतो. अजिंक्य त्याला चारचौघांत बोलला. नवनाथ म्हणाला, "हे चुगलखोर एक दिवस उपटून फेकतो बघा." हे खरं आहे. पण दुसऱ्या दिवसापासून तो प्रेस बंद करून चहाला जाऊ लागला. तेही लिहा.

आमच्यात खंडेनवमीला प्रत्येक मशीनचं एक हत्यार घरी देव्हाऱ्यात येतं व कारखाना उघडेल त्या दिवशी परत जातं. प्रेसचा पाना येतो, लेथची चावी येते. यंदा दि. १ रोजी मी म्हणाले, मीटरही येणार. जे डोळ्याला दिसत नाही ते दाखवणारं हत्यार आमच्याकडं हे पहिलंच. नवनाथ म्हणाला, "आक्का, बंद करू नका म्हणून वहिनीनं बजावलंय." मी म्हणाले, "सुट्टीत काय लिहिणार त्यो, माशा? काढ. आन् कुनाला सांगू नको, तनुजा मला फाडून खाईल." पाचच्या सुमारास त्यानं तो काढून माझ्या पदरात दिला. मी हळदकुंकू वाहिलं, कुणाला दिसू नये म्हणून देव्हाऱ्यात मागं सारून वर लाल कापड घातलं.

दि. २ रोजी, दसऱ्याला, मी पुनावळ्याला लेकीकडं, वर्षालीकडं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मीटर बसवून घ्यायचा होता. तिनं ठेवून घेतलं. मोबाइल मी वापरत नाही.

आज अकराला घरी आले तेव्हा कळलं की काल कारखाना उघडल्यावर मीटर दिसला नाही, अजिंक्यनं नवनाथचं नाव देऊन तक्रार दिली व सकाळपासून तो ठाण्यात आहे. सोमवारी कंपनीची माणसं सहा महिन्यांची नोंद बघायला येणार आहेत. मला कुणी काही विचारलं नाही. म्हातारीला मीटरचं काय विचारायचं, असं वाटलं असेल. मी कापड काढलं, मीटर घेतला आणि तनुजासोबत रिक्षानं आले.

तनुजानं तो इथंच लॅपटॉपला जोडला. नोंद शाबूत आहे. शेवटची ओळ दि. १, पाच वाजून चार मिनिटांची आहे. म्हणजे आपल्याला काढलं तेही त्यानं लिहून ठेवलं. मी पाच म्हणाले होते, पण त्याचं खरं धरा. पुढचे तीन दिवस कोरे आहेत. बंद कारखाना किती वीज खातो ते कळावं म्हणून सुट्टीचीच नोंद कंपनी आधी बघते, हे मला आज कळलं. चूक माझी. कोऱ्या दिवसांपुढं तनुजा खरं कारण लिहिणार आहे. काम राहील की जाईल, ठाऊक नाही.

नवनाथ समोर बाकावर बसला आहे. मी विचारलं, "सांगितलं का न्हाईस रं, मूर्खा?" तो म्हणाला, "तुम्हीच नको म्हणालात ना, आक्का." साहेबांनी त्याला जायला सांगितलं आहे. तो उठत नाही. म्हणतो, "ज्यानं नाव दिलं त्यानं न्यायला यावं." हवालदार म्हणाले, "आजी, हे जबाबात येत नाही." मी म्हणाले, "मग दुसरं काय येतं? लिहा." तनुजानं अजिंक्यला फोन केला.

जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात दोन ठिकाणी "चोरीस गेलेला" असं होतं, ते मी खोडायला लावलं. बाकी मी बोलले तसंच आहे. वाचून होईतो अजिंक्य आला. तो साहेबांकडं न जाता बाकावर नवनाथशेजारी बसला आहे. काय बोलतात ते इथून ऐकू येत नाही, म्हणून लिहून देता येत नाही.

सही: शालनबाई कोंडाजी नेवाळे